उमेदवाराला कॉमेडी शोचं बोलावणं आलं तर जावं का?

प्रश्न असा होता: "आम्ही ज्यांच्या प्रचाराचं काम बघतो त्या उमेदवाराला एका मोठ्या एंटरटेनमेंट शोचं बोलावणं आलंय, निवडणूक तोंडावर आहे. अशा शोवर जाऊन खरंच मतं वाढतात की उगाच हसं होतं? आणि चॅनलला एकाच उमेदवाराला असं बोलावून चालतं का, त्याला काही नियम नसतात का?"

उत्तर जरा लांबणार आहे, कारण यातलं एक सांगायला गेलं की दुसरं मध्ये येतं. मी बरीच वर्षं टॉक शो आणि कॉमेडी शोच्या रायटिंग टीममध्ये होतो, नंतर पाहुणे ठरवायचे, त्यांच्याशी आधी बोलून घ्यायचं, त्यांचा सेगमेंट बसवायचा हे काम केलं. पाहुणे म्हणजे बहुतेक नटनट्या, खेळाडू, गायक आणि मध्येच एखादा निवडणुकीला उभा असलेला नेता. तेव्हा मी जे सांगतोय ते कॅमेऱ्याच्या मागे उभं राहून बघितलेलं आहे, प्रचाराच्या ऑफिसातून नाही, हे धरून वाचा.

पहिल्यांदा थेट सांगून टाकतो. शोवर जाऊन मतं मिळतात असं मला वाटत नाही. मिळतो तो बातम्या लागल्या की रिमोट उचलणारा माणूस, तोही पाच-सात मिनिटांपुरता. आणि तेवढ्या वेळात तो तुमच्या उमेदवाराचं बोलणं काही फार मनावर घेत नाही, तो बघत असतो की हा माणूस दुसरं कुणी बोलत असताना कसा दिसतोय, स्वतःवर जोक झाला की याच्या तोंडावर काय उमटतंय. सगळा खेळ त्या चेहऱ्याचा आहे आणि प्रचारवाले तयारी करतात ती मात्र भाषणाची.

हे समजायला १९६८ मधला निक्सन बघा. तेव्हा अमेरिकेत 'लाफ-इन' नावाचा कॉमेडी शो तुफान चालत होता, त्यात एक ठरलेली गंमत होती की कुणीतरी 'सॉक इट टू मी' म्हणायचं, म्हणजे साधारण 'होऊन जाऊ दे, हाण मला', आणि म्हटलं की अंगावर बादलीभर पाणी नाहीतर पायाखालची जमीन गायब. निक्सन म्हणजे कपाळावर कायम आठ्या, हसला तरी समोरच्याला खरं वाटू नये असा माणूस. अध्यक्षपदाला उभा असताना त्याने तिथे येऊन कॅमेऱ्यात बघून तेच चार शब्द म्हटले, फक्त शेवटी प्रश्नचिन्ह लावून, म्हणजे 'मला? हाणणार?' असं. काही सेकंदांचा मामला. निर्मात्याने नंतर सांगितलंय की बरेच टेक झाले, कारण बाबा दर वेळी चिडल्यासारखाच वाटायचा. पण बघा, लेखकांनी त्याचा ताठपणा झाकायचा प्रयत्नच केला नाही, त्या ताठपणाचाच जोक केला, आणि शोच्या लेखकांपैकी पॉल कीज हा निक्सनचा चांगला ओळखीचा होता त्यामुळे या माणसाला काय झेपेल ते त्याला नेमकं माहीत होतं. समोरचा ह्युबर्ट हम्फ्री, त्यालाही बोलावणं होतं, तो गेला नाही. निक्सन जिंकला साधारण पाच लाख मतांनी, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी फरकाने, आणि तेव्हापासून शोवाले सांगत फिरतात की बघा आमच्यामुळे अध्यक्ष झाला. हा आमच्या धंद्याचा स्वतःबद्दलचा लाडका गैरसमज आहे असं माझं मत. त्या वर्षी व्हिएतनाम होतं, मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या होत्या, जॉर्ज वॉलेस तिसरा म्हणून उभा होता, त्या सगळ्यापुढे चार शब्द किती पुरणार.

मग काहीच होत नाही का? होतं, पण कुणावर ते बघायला पाहिजे. मॅथ्यू बॉम नावाच्या अभ्यासकाने २००० च्या अमेरिकन निवडणुकीवर काम केलंय, त्या वर्षी गोर आणि बुश दोघंही ओप्राच्या शोवर जाऊन आले होते. त्याला असं दिसलं की राजकारणात फारसा रस नसलेल्या लोकांनी अशा शोवर विरोधी पक्षाचा उमेदवार बघितला तर तो त्यांना जरा बरा वाटायला लागतो आणि क्वचित ते मतही तिकडे टाकतात. जो रोज बातम्या चघळतो त्याच्यावर ढिम्म परिणाम नाही. तुमचे पक्के कार्यकर्ते एपिसोड बघून नाचतील, स्टेटसला क्लिप लावतील, त्यावरून काही ठरवू नका, ते आधीच तुमचे होते.

बिल क्लिंटनचं सगळ्यांना माहीत असतं, ३ जून १९९२, आर्सेनियो हॉलचा शो, काळा गॉगल आणि सॅक्सोफोन. पण तेव्हा तो पोलमध्ये अध्यक्ष बुश आणि अपक्ष उमेदवार रॉस पेरो यांच्या मागे तिसरा होता हे विसरलं जातं. आदल्याच दिवशी कॅलिफोर्नियाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारं मतदान, जिंकूनही चर्चा सगळी पेरोची. अशा वेळी तो तरुण आणि कृष्णवर्णीय प्रेक्षक जो शो बघतात तिथे गेला. जुनेजाणते पत्रकार नाकं मुरडत राहिले की अध्यक्षपदाच्या उमेदवाराला हे शोभतं का, आणि खरं सांगू का, ते नाक मुरडणं सुद्धा फुकटची जाहिरातच झाली. निक्सननेसुद्धा, बरं का, १९६२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाला पडल्यावर पुढच्याच वर्षी जॅक पारच्या शोवर पियानो वाजवला होता. वाद्य वाजवणाऱ्याला बोलावं लागत नाही हा त्यातला मोठा फायदा.

उलट बाजूही बघा. जेराल्ड फोर्ड अध्यक्ष होता तेव्हा 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'वर चेव्ही चेस त्याची धडपडायची नक्कल करायचा, दर आठवड्याला कुठेतरी आपटायचा. व्हाइट हाउसने ठरवलं की आपणही गंमत सहन करतो हे दाखवू. एप्रिल १९७६ मध्ये फोर्डचा प्रेस सेक्रेटरी रॉन नेसन एपिसोडचा होस्ट म्हणून गेला आणि फोर्डने सुरुवातीची ठरलेली ओळ आधी रेकॉर्ड करून दिली. पण त्या एपिसोडमधली बाकीची स्किट चांगलीच चावट होती, आणि अध्यक्षाचा माणूस मध्ये उभा असल्यामुळे ती सगळी जणू व्हाइट हाउसच्या आशीर्वादानेच चाललीयत असं चित्र झालं. म्हणून म्हणतो, आपल्या उमेदवाराचा तुकडा वाचून खूश होऊ नका, आख्ख्या एपिसोडचा रनडाउन मागा, आधी काय आहे, नंतर काय आहे, ब्रेकच्या अलीकडे कुणाचं गाणं आहे, सगळं. बरेच प्रोड्यूसर देतात, निदान तोंडी तरी सांगतात. अजिबात सांगत नसतील तर तिथेच काय ते समजा.

आता त्या चेहऱ्याबद्दल. उपाध्यक्षपदाला उभी असलेली सारा पेलिन १८ ऑक्टोबर २००८ ला 'एसएनएल'वर, म्हणजे त्याच 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'वर गेली. विनोदी अभिनेत्री टिना फेने तिची नक्कल करून आधीच धमाल उडवून दिली होती, इतकी की 'माझ्या घरातून रशिया दिसतो' हे वाक्य पेलिनचंच आहे असं आजही लोक शपथेवर सांगतात, ते टिना फेचं आहे. त्या एपिसोडला १४ वर्षांतला सगळ्यात जास्त प्रेक्षक मिळाला. बातम्यांच्या सेगमेंटमध्ये पेलिनवरचं एक रॅप होतं, ते तिने स्वतः करायचं नाही असं ठरलेलं, मग ॲमी पोहलर दिवस भरत आलेल्या अवस्थेत उभी राहून ते दणदणीत रॅप करते आणि पेलिन शेजारी खुर्चीत बसून मान आणि खांदे हलवत मजा घेते. ते फुटेज मिळालं तर आवाज बंद करून बघा. एक शब्द न बोलता तिने जेवढं कमावलं तेवढं बाकीच्या एपिसोडमध्ये बोलून नाही. निवडणूक ती हरलीच, आणि टिना फेची स्किट बघितलेल्या तरुणांचं तिच्याबद्दलचं मत घसरलं होतं असं नंतरच्या एका अभ्यासात आलं, म्हणजे एक चांगली रात्र आधीच्या अनेक वाईट रात्री पुसत नाही. तरी त्या रात्रीपुरतं तिने बरोबर केलं असंच मी म्हणीन.

मी स्वतः बघितलेला एक प्रसंग सांगतो, नाव-गाव नको. एक उमेदवार आमच्याकडे आले होते, बोलायला फर्डे, सभा गाजवणारे. शेजारी दुसरा पाहुणा होता, विनोदी नट, तो स्वतःच्या वडिलांचा एक किस्सा सांगत होता आणि प्रेक्षक अक्षरशः डोळे पुसत हसत होते. आमचा एक कॅमेरा कायम दुसऱ्या पाहुण्याच्या चेहऱ्यावर असतो, रिअॅक्शन शॉटसाठी. मॉनिटरवर दिसतंय की आमचे उमेदवार समोर शून्यात बघतायत, ओठ हलके हलतायत. स्वतःचा पुढचा मुद्दा मनातल्या मनात घोकत होते! तीन सेकंदांचा शॉट असेल. एडिटरला मी म्हटलं हा काढ बाबा, त्याने काढलाही, पण स्टुडिओत बसलेल्या दोनेकशे लोकांनी ते बघितलंच होतं आणि त्यानंतर या गृहस्थांच्या कुठल्याच वाक्याला टाळी आली नाही. आम्ही कंट्रोल रूममध्ये अशा पाहुण्याला 'लाइन लागलेला माणूस' म्हणायचो, रांगेत उभं राहून आपला नंबर कधी येतो बघणारा.

दुसरा प्रॉब्लेम म्हणजे उमेदवाराच्या सोबतची माणसं. रीडिंगला पाच जण येतात, प्रत्येकाच्या हातात स्क्रिप्टची कॉपी आणि लाल पेन. एकदा आमच्या लेखकाने एका उमेदवारासाठी सात जोक लिहिले होते, त्यातला चौथा त्यांच्या खूप वेळा पक्ष बदलण्यावर होता आणि तो त्यांनी स्वतःच म्हणायचा होता. बाकीचे सहा ठीकठाक, हा चौथा खणखणीत. पीआरवाल्याने वाचला, फुली मारली. आम्ही समजावलं की साहेब, तुमच्या माणसाबद्दल लोकांना जी एक गोष्ट नक्की माहीत आहे तिच्यावरच तो बोलला नाही तर बाकी सगळं खोटं वाटेल. नाही म्हणजे नाही. मग शोमध्ये काय झालं, होस्टने ऐनवेळी स्वतःच तो विषय काढला, हसत हसतच, आणि उमेदवारांकडे उत्तरच नव्हतं कारण उत्तर आमच्या कचऱ्याच्या डब्यात होतं. दुखऱ्या जागेवरचा जोक स्वतःच्या तोंडी असेल तर तो तुमचा, नाहीतर होस्टचा. तो जोक होतोच, टळत नाही.

आता नियमांकडे येतो, कारण चॅनलला चालतं का हा प्रश्न तुम्ही विचारलाय आणि त्याचं उत्तर देशागणिक बदलतं.

सगळ्यात जास्त गाजलेला नियम अमेरिकेचा, १९३४ च्या कम्युनिकेशन्स ॲक्टचं कलम ३१५. लोक त्याला 'इक्वल टाइम' म्हणतात. लायसन्स घेऊन प्रक्षेपण करणाऱ्या स्टेशनने एका उमेदवाराला वेळ वापरू दिला तर त्याच पदाच्या बाकीच्या उमेदवारांना तशीच संधी द्यायची, पहिल्याला फुकट दिला असेल तर यांनाही फुकट. पण यात एक मेख आहे जी बहुतेकांना माहीत नसते: स्टेशनने आपणहून कुणाला बोलवायची सक्ती नाही, समोरच्याने ७ दिवसांच्या आत मागणी करायची असते. झोपला तर गेला. आणि 'वापर' म्हणजे प्रचारच केला पाहिजे असंही नाही, उमेदवार ओळखू येईल असा दिसला, आवाज ऐकू आला, की झालं. नाचला तरी मोजतात.

हे किती गमतीशीर टोकाला गेलंय बघा. शिकागोत लार डेली नावाचा एक कायम निवडणूक लढवणारा गृहस्थ होता, अंकल सॅमचा पोशाख घालून फिरायचा. १९५९ मध्ये महापौर रिचर्ड डेली बातम्यांत दिसला म्हणून याने आपल्यालाही वेळ मागितला, आणि तो एफसीसीने, म्हणजे तिथल्या प्रसारण आयोगाने, मान्य केला! सगळे बातम्यावाले हादरले, संसदेने त्याच वर्षी कायदा बदलून बातम्या, बातम्यांसाठीच्या मुलाखती, माहितीपट आणि घडत्या घटनांचं थेट कव्हरेज यांना सूट दिली. करमणुकीच्या शोला नाही दिली. मग पुढच्याच वर्षी जॉन केनेडी जॅक पारच्या 'टुनाइट शो'वर गेला, तर हाच लार डेली पुन्हा हजर, अध्यक्षपदाचा उमेदवार म्हणून, आणि 'टुनाइट शो'ला त्याला बसवून घ्यावं लागलं. पाहुणे ठरवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाच्या अंगावर हे वाचूनच काटा येतो. एका केनेडीच्या बदल्यात एक लार डेली.

नंतर त्या सुटीचा अर्थ हळूहळू सैल होत गेला. १९८४ मध्ये डोनह्यूच्या टॉक शोला बातमी-मुलाखतीची सूट मिळाली, २००६ मध्ये श्वार्झनेगर गव्हर्नर असताना जे लेनोच्या शोवर गेला त्यावर समोरच्या उमेदवाराने तक्रार केली तेव्हाही ती मुलाखत सुटीत बसते असा निकाल आला. पण ही सूट मुलाखतीला आहे, स्किटला नाही, आणि ती कायमची कोरून ठेवलेली आहे असंही समजायचं कारण नाही. म्हणून सोफ्यावर बसून गप्पा मारणं वेगळं आणि विग घालून स्किट करणं वेगळं, चॅनलच्या वकिलांना हा फरक झोपेतही माहीत असतो.

स्किटचा हिशोब कसा होतो? सेकंदात. नोव्हेंबर २०१५ मध्ये ट्रम्पने 'एसएनएल' होस्ट केला, तो पडद्यावर भरला १२ मिनिटं ५ सेकंद. मग 'एसएनएल' दाखवणाऱ्या एनबीसी नेटवर्कला त्याच्याच पक्षातून उमेदवारी मागणाऱ्या केसिक, हकबी, गिलमोर आणि ग्रॅहम या चौघांना तेवढा वेळ द्यावा लागला, आयोवा, न्यू हॅम्पशायर आणि साउथ कॅरोलायना या लवकर मतदान होणाऱ्या राज्यांतल्या स्टेशनांवर. २०२४ मध्ये निवडणुकीच्या तीनच दिवस आधी कमला हॅरिस दीडेक मिनिटासाठी आली, लगेच दुसऱ्या दिवशी ट्रम्पला नॅस्कारची मोटार रेस आणि फुटबॉलच्या प्रसारणात वेळ द्यावा लागला. आता तुम्हीच बघा, कोणाचा फायदा जास्त झाला. रेस बघणारा माणूस आणि रात्री उशिरा कॉमेडी बघणारा माणूस यात ट्रम्पच्या प्रचारवाल्यांनी कोणता निवडला असता? समोरच्याला काय मिळेल याचा हिशोब आपण जायच्या आधी करायचा असतो, नंतर नाही.

रीरनचा घोळ तर आणखी वेगळा. फ्रेड थॉम्पसन हा सिनेटर राहून गेलेला नट, 'लॉ ॲंड ऑर्डर' मालिकेत सरकारी वकिलाचं काम करायचा. सप्टेंबर २००७ मध्ये त्याने लेनोच्या शोवर उमेदवारी जाहीर केली, आणि एनबीसीने त्याचा चेहरा असलेले जुने एपिसोड पुन्हा दाखवणं थांबवलं, केबलवर मात्र टीएनटी दाखवतच होतं, कारण तिथे या कलमाची धास्ती तेवढी नसते. श्वार्झनेगर २००३ मध्ये उभा राहिला तेव्हा स्टेशनांनी त्याचे सिनेमे असेच बाजूला ठेवले. म्हणजे एखादा नट उमेदवार झाला की त्याच्याबरोबर काम केलेल्या बिचाऱ्या सहकलाकारांचंही पुनःप्रसारण बुडतं, याबद्दल कुणी बोलत नाही.

ब्रिटनमध्ये गोष्ट अजून कडक. तिथल्या ऑफकॉमच्या, म्हणजे प्रसारणावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेच्या, नियमांप्रमाणे निवडणुकीच्या काळात उमेदवाराने कुठल्याही कार्यक्रमात निवेदक, मुलाखतकार म्हणून काम करायचं नाही, आणि राजकारणाशी संबंध नसलेल्या कार्यक्रमात आधीपासून ठरलेलं असेल तेवढं चालेल, नवीन काही ठरवायचं नाही. त्यामुळे तिथले लोक आधीच जाऊन येतात. बोरिस जॉन्सन १९९८ पासून 'हॅव आय गॉट न्यूज फॉर यू' या बातम्यांची टर उडवणाऱ्या क्विझ शोवर जाऊन विस्कटलेला, धांदरट पण मजेदार माणूस म्हणून घरोघरी पोचला, लंडनचा महापौर झाला तो २००८ मध्ये. दहा वर्षांची पेरणी. उलट जॉर्ज गॅलोवे खासदार असताना जानेवारी २००६ मध्ये 'सेलिब्रिटी बिग ब्रदर'च्या घरात गेला आणि तिथे मांजर होऊन एका अभिनेत्रीच्या हातून दूध प्यायची ॲक्टिंग केली, ते मांजर आजतागायत त्याच्या मागे फिरतंय. रिअॅलिटी शोमध्ये एडिट तुमच्या हातात नसतो आणि तास खूप असतात, कुठल्यातरी तासाला माणूस मांजर होतोच. माझा सल्ला विचाराल तर उमेदवाराने तिथे अजिबात जाऊ नये.

भारतात खासगी चॅनलला इक्वल टाइमसारखं कलम नाही. मतदान संपायच्या आधीचे ४८ तास टीव्हीवर निवडणुकीचा मजकूर दाखवायला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ नुसार बंदी आहे आणि त्याआधीच्या काळात आचारसंहिता आणि निवडणूक आयोग काय म्हणेल त्यावर चालतं. २०१९ मध्ये 'भाभीजी घर पर हैं' आणि 'तुझसे है राब्ता' या मालिकांमध्ये पात्रांच्या तोंडी सरकारी योजनांचं कौतुक आलं म्हणून तक्रार होऊन आयोगाची नोटीस गेली होती, म्हणजे उमेदवार दिसला नाही तरी प्रचार होतो हे आयोगानेही धरलं. त्याच वर्षी डॉ. अमोल कोल्हे शिरूरमधून निवडून आले तेव्हा त्यांची संभाजी महाराजांवरची मालिका चालू होती. अशा ठिकाणी मोजमाप कसं करणार, पात्राचे सेकंद मोजायचे की माणसाचे, याला सोपं उत्तर नाही. युक्रेनमध्ये तर हे टोकाला गेलं: झेलेन्स्कीने मालिकेत अध्यक्षाचं काम केलं, ३१ डिसेंबर २०१८ च्या रात्री ज्या चॅनलवर ती मालिका लागायची त्याच चॅनलवर उमेदवारी जाहीर केली, आणि एप्रिल २०१९ मध्ये ७३ टक्के मतांनी खराखुरा अध्यक्ष झाला. याला पाहुणा म्हणत नाहीत, हा यजमानच होता, तेव्हा त्याचं उदाहरण देऊन कुणी तुमच्या उमेदवाराला हरभऱ्याच्या झाडावर चढवत असेल तर खाली उतरवा.

शोवाल्यांचं काय, त्यांना यातून काय मिळतं हेही माहीत हवं. टीआरपी आणि दुसऱ्या दिवशीची क्लिप. तुमच्यावर प्रेम नसतं. आणि होस्टलाही धोका असतो, जिमी फॅलनने सप्टेंबर २०१६ मध्ये ट्रम्पचे केस लाडाने विस्कटले, एवढंच, पण त्यावरून त्याच्यावर इतकी टीका झाली की नंतर त्याला त्याचा पश्चात्ताप झाला. त्यामुळे आता होस्ट लोक उमेदवार समोर आला की एखादा तरी टोकदार प्रश्न विचारतातच, स्वतःच्या बचावासाठी. तो प्रश्न येणार आहे हे धरून चला, आणि प्रश्नांची यादी आधी द्या, फायनल कट आम्हाला दाखवा असल्या मागण्या करू नका. कुठलाही शहाणा शो त्या मान्य करत नाही आणि मागितल्या होत्या ही बातमी मात्र फुटते.

आता तुमच्या उमेदवाराचं. बोलावणं मुलाखतीचं आहे की स्किटचं ते आधी विचारा. रेकॉर्डिंग कधी आणि दाखवणार कधी या दोन तारखा लेखी घ्या, रीरन कधी लागणार तेही, कारण मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी रीरन लागला तर तक्रार तुमच्यावर येणार. सोबत एकच माणूस पाठवा, लाल पेनाशिवाय. उमेदवाराला घरी बसवून शोचे तीन एपिसोड बघायला लावा, पण बोलणाऱ्या पाहुण्याकडे नाही, शेजारी गप्प बसलेल्या पाहुण्याकडे बघ म्हणावं. २००० साली अल गोरच्या टीमने पहिल्या डिबेटनंतर त्याला त्याच्यावरचंच 'एसएनएल'चं स्किट दाखवलं होतं, तो सुस्कारे सोडतो ते कसं दिसतं हे कळावं म्हणून. उमेदवाराची नक्कल कुणी करत असेल तर ती त्याने एकदा तरी बघितलेली असावी, स्टेजवर पहिल्यांदा बघायची वेळ येऊ नये. बघून राग येत असेल तर सरळ नम्रपणे नकार कळवा, नकाराने कुणाचं काही बिघडत नाही. 

आणि एकदा हो म्हटलं की मात्र रद्द करू नका. २४ सप्टेंबर २००८ ला अध्यक्षपदाचा उमेदवार जॉन मॅककेनने डेव्हिड लेटरमनचा रात्रीचा टॉक शो ऐनवेळी रद्द केला, आर्थिक संकट आहे, तातडीने वॉशिंग्टनला जातोय असं सांगून. लेटरमनचं रेकॉर्डिंग चालू असताना कुणीतरी त्याला चॅनलचं आतलं फीड दाखवलं, तर मॅककेन न्यूयॉर्कमध्येच, त्याच चॅनलच्या दुसऱ्या स्टुडिओत, केटी कूरिकच्या मुलाखतीसाठी मेकअप करून घेत बसलेला. लेटरमनने ते फीड प्रेक्षकांना तिथल्या तिथे दाखवलं आणि पुढचे कित्येक दिवस सोडला नाही त्याला. तीन आठवड्यांनी मॅककेन परत आला, चुकलंच माझं म्हणाला, टाळ्याही मिळाल्या. पण लोकांच्या लक्षात राहिला तो मेकअपच्या खुर्चीतला. तेव्हा रेकॉर्डिंगच्या दिवशी त्याच शहरात, त्यातून त्याच बिल्डिंगमध्ये, दुसरी कुठलीही मुलाखत लावू नका.